आधी पाणी, मग बाग

मामा बादली ओततात आणि ओरडतात, "बघा गं, आलं का?"

खालच्या अंगाला मोरीच्या तोंडाशी दोघी जणी उकिडव्या बसल्या आहेत. एकीनं पदर कमरेला खोचलाय, दुसरीच्या हातात खुरपं आहे. दोघींची नजर दगडातल्या वीतभर भोकावर. पाणी येत नाही. "न्हाई आलं मामा," खुरपंवाली सांगते आणि हात कोपरापर्यंत आत घालते. चिखलाचा एक गोळा बाहेर येतो. त्यात वेफर्सच्या पाकिटाचा चंदेरी तुकडा, पाण्याच्या बाटलीचं बूच, लिंबाच्या कुजलेल्या काड्या आणि केसांसारख्या बारीक मुळांचा एक झुपका. मुळं ओली आहेत. म्हणजे या बंद मोरीत पाणी अजून कुठंतरी धरून आहे.

सकाळचे साडेसात वाजलेत, मे महिना आहे, आणि नळदुर्गच्या किल्ल्यातला काळा दगड आत्ताच हाताला चटका देतोय. मी उमरग्याहून पहिल्या सोलापूर गाडीनं आलेय. येणेगूर, जळकोट, नळदुर्ग. पाऊण-एक तासाचा रस्ता. महामार्ग रुंद झाला, तेव्हा दोन्ही कडांची जुनी झाडं गेली. आता खिडकीतून थेट रान दिसतं: नांगरून पडलेलं काळं रान, मधेच उसाचा एखादा हिरवा तुकडा. आम्ही काही जण सुट्टीच्या दिवसांत जुन्या वास्तूंच्या आवारातली झाडं आणि पाण्याच्या वाटा पाहत फिरतो. कुणी शिक्षक, कुणी रोपवाटिकावाला, कुणी नोकरीतून मोकळा झालेला तलाठी. मी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. मामा शिकवत नाहीत, पण या कामात आम्ही सगळे त्यांचं ऐकतो. ते जन्मभर माळीकाम करत आलेत आणि स्वतःचं वय भूकंपाच्या सालावरून सांगतात. आमच्या भागात अजून असंच चालतं. १९९३ च्या आधीचं आणि नंतरचं.

इथं एक शिस्त पाळायची असते. किल्ला राज्य संरक्षित स्मारक आहे. गाळ, कचरा, वाळलेलं गवत काढायचं, पण दगडाला हात लावायचा नाही. निखळलेला दिसला तरी जागेवरच ठेवायचा, फोटो काढायचा आणि कळवायचं. ही शिस्त मला मनापासून पटते. चारशे वर्षं उभ्या असलेल्या बांधकामाचं आपल्या उत्साहानं जितकं नुकसान होतं, तितकं कधी कधी पावसानंही होत नाही.

"आणा अजून एक," मामा म्हणतात.

दुसरी बादली. ती मोरीच्या वरच्या तोंडाशी गोल फिरते, फेसाळते, काडीकचरा वर येतो आणि पाणी तसंच थबकतं. मामा गुडघ्यावर बसून कान दगडाला लावतात. मीही लावते. आत कुठंतरी बुडबुड असा आवाज येतो. पाणी वाट शोधतंय, पण ते पुढं जाण्याऐवजी बाजूला, भिंतीच्या पोटात शिरतंय.

हे कळायला भिंतीकडे बघावं लागतं. मोरीपासून दहा पावलांवर तटाच्या आतल्या अंगाला पुरुषभर उंचीवर पांढरट पट्टा दिसतो. लोणा. बोट फिरवलं की पीठ झडतं. वर दगड कोरडा ठणठणीत, खाली ओल, आणि ओल जिथं संपते तिथं हा पांढरा पट्टा. जुन्या तटाची भिंत म्हणजे बाहेरून-आतून घडीव दगडांच्या दोन तोंडभिंती आणि मधे दगडगोटे, मुरूम, चुन्याचा भराव. या भरावात पाणी शिरलं की चुना हळूहळू विरघळून वाहून जातो, क्षार वर चढतात, पाणी सुकताना त्यांचे खडे होतात आणि सांधे फोडतात. मग एखाद्या मोठ्या पावसात आतला भराव फुगतो आणि तोंडभिंत बाहेर कलंडते. बातमी येते की पावसानं बुरूज ढासळला. पावसानं शेवटचा धक्का दिलेला असतो. आधीची कितीतरी वर्षं कुणीतरी वरची मोरी बुजू दिलेली असते.

"आणि वर लॉन," मामा म्हणतात. त्यांच्या आवाजात राग नाही, काळजी आहे.

आमच्या मागं गवताचा एक पट्टा आहे. काही ठिकाणी हिरवा, काही ठिकाणी पिवळा पडलेला, कडेला गुडघ्याएवढ्या मेंदीची रांग. फिरायला आलेली दोन कुटुंबं सावली बघून बसली आहेत, आणि ती बसली आहेत चिंचेखाली. गवतावर कुणीच नाही. मी हिरवळीच्या विरोधात नाही. लेकरांना लोळायला गवत हवंच. पण मे महिन्यातल्या मराठवाड्यात लॉन जगवायचं तर रोज पाणी द्यावं लागतं, कारण त्याची मुळं वीतभरही खाली जात नाहीत. खाली मुरूम, त्याखाली कातळ. दिलेल्या पाण्यातलं थोडं गवत पितं, बरंच ऊन पितं आणि उरलेलं उताराला लागतं. इथं उतार तटाकडे आहे. जिथं प्यायच्या पाण्याला उन्हाळ्यात टँकर लागतो तिथं हे पाणी भिंतीच्या पोटात जातंय. एकाच नळीनं दोन नुकसानं.

मामा बोटानं हवेत रेघ ओढतात. "हितनं हितपर्यंत, भिंतीपासून धा-पंधरा फूट, लॉन नगंच. मुरूम दाबून टाकायचा, ढाळ आतल्या बाजूला द्यायचा. पाणी भिंतीपासून लांब पळालं पायजे."

तिसरी बादली. आता खालून ओरडा येतो. "आलं, आलं!"

सगळे धावतो. मोरीच्या तोंडातून आधी काळपट पाझर, मग बोटाएवढी धार, मग एकदम भसकन गाळ बाहेर पडतो आणि दोघी जणी हसत मागं सरकतात. पाणी दगडी पन्हळीतून खालच्या खोलगट जागेकडे निघतं. ती जागाही गाळानं भरलीय, पण पाणी तिथंच जाऊन थांबतं, म्हणजे ती मुळात त्यासाठीच होती. मामा पाण्याच्या मागं मागं चालत जातात. तीन बादल्यांचं पाणी ते किती, पण त्या वाटेवर पुढं कुठं काय अडतंय ते त्यांना बघायचंय.

उन्हं वर आली की मी पाणीमहालात उतरते. इथं येऊन तिथं न जाणं मला जमत नाही.

नळदुर्ग आणि पलीकडचा रणमंडळ किल्ला यांच्यामधून बोरी नदी जाते. १६१३ मध्ये, दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, या दोन्हींना सांधणारा दगडी बंधारा नदीवर घातला गेला. पावणेदोनशे मीटरच्या आसपास लांब. बंधाऱ्याच्या पोटातच जिन्यानं उतरून जायचं दालन आहे, तोच पाणीमहाल. वरून पुराचं पाणी सोडायला दोन वाटा ठेवल्यात, नर आणि मादी. वरच्या अंगाला बोरीचं धरण भरून वाहू लागलं की इथं या दोन्हींतून पाणी कोसळतं आणि महालाच्या खिडकीसमोरून खाली जातं. आत उभ्या माणसाच्या अंगावर थेंब येत नाही. त्या दिवसांत सोलापूर, लातूर, उमरगा, गुलबर्गा, सगळीकडून माणसं येतात आणि रस्ता तुंबतो.

आज नर कोरडा आहे. मादीही कोरडी. दगडावर शेवाळाच्या वाळलेल्या काळ्या रेघा, एका सांध्यात पारव्याचं घरटं. पण दालनात पाऊल टाकल्याबरोबर अंगावरचा घाम थंड होतो. बाहेर डोळे मिटायला लावणारं ऊन आणि इथं, दोन जिने खाली, माठाशेजारी बसल्यासारखा गारवा. भिंतीची जाडी, मागं साठलेलं पाणी आणि खिडकीतून येणारा नदीपात्रातला वारा, एवढंच यंत्र.

मी खिडकीत बसते आणि वहीत लिहिते: साठवायचं आणि वाट करून द्यायची. बांधणाऱ्यांनी दोन्हींचा विचार एकाच दगडात केला होता. नदी आटेल तेव्हा किल्ल्याच्या पायथ्याशी पाणी राहावं म्हणून बंधारा, आणि नदी फुगेल तेव्हा बंधारा फुटू नये म्हणून नर-मादी. दुष्काळ आणि पूर या दोन वेगळ्या वर्षांत येणाऱ्या आपत्ती आहेत असं त्यांनी धरलंच नाही. आपण धरतो. उन्हाळ्यात टँकरची बैठक, पावसाळ्यात पूर नियंत्रणाची बैठक, आणि मधल्या महिन्यांत मोरीत बाटल्या.

गेल्या दहा-बारा वर्षांचं आमच्या भागाचं नुसतं स्मरण करावं. फेब्रुवारी-मार्च २०१४ ची गारपीट, जिनं उभा हरभरा आणि ज्वारी झोपवली. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं. त्या गाडीचं नाव जलदूत, आणि ती बघायला स्टेशनवर गर्दी लोटली होती. ऑक्टोबर २०२० मध्ये काढणीला आलेलं सोयाबीन पाण्यात. सप्टेंबर २०२१ मध्ये गुलाब चक्रीवादळाच्या पावसानं पुन्हा तेच. आणि सप्टेंबर २०२५ मध्ये तर याच धाराशिव जिल्ह्यात, परंड्याकडे, पुरात अडकलेल्या माणसांना हेलिकॉप्टरनं काढावं लागलं. ज्या जिल्ह्याची ओळख राज्यभर दुष्काळी म्हणून, तिथं. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवून दिलं की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात मोठ्या भूभागावर एकाच वेळी होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीनं वाढल्या. हवा एक अंश तापली की ती साधारण सात टक्के जास्त बाष्प धरते. मग पाऊस रोज थोडा पडण्याऐवजी दडी मारतो आणि एकदम कोसळतो. शेतकऱ्याला हे सूत्र सांगावं लागत नाही. बागेची आखणी करणाऱ्यांना मात्र अजून सांगावं लागतं.

दख्खनच्या जुन्या बागा बघितल्या की हे जास्तच जाणवतं. आपल्याकडे बाग म्हटलं की फुलं आठवतात, पण इथं फुलांच्या आधी पाणी यायचं. मलिक अंबरनं १७ व्या शतकाच्या सुरुवातीला औरंगाबादेत, आजच्या छत्रपती संभाजीनगरात, डोंगरातलं झिरपतं पाणी जमिनीखालून शहरात आणलं ती नहर-ए-अंबरी. पुढं अशाच नहरीच्या पाण्यावर पाणचक्की फिरली, हौद भरले, बागा उभ्या राहिल्या. अहिल्यानगरचा फराहबाग तर पाण्यानं वेढलेल्या जागेतच उभा केला होता. शेजारच्या बिदरजवळ नौबादला बहमनी काळातली सुरंग बावी आहे. कातळात खोदलेला लांबच लांब भूमिगत बोगदा, वर ठरावीक अंतरावर हवेची आणि उपशाची भोकं. जमिनीखालून नेल्यामुळं पाणी उन्हाला दिसतच नाही, म्हणून आटतही नाही. ही बावी गाळाखाली गेली होती. गेल्या दशकात तिचा गाळ काढला गेला आणि आत पाणी जिवंत असल्याचं दिसलं.

बीबी का मकबऱ्यात गेलात तर एक गोष्ट जरूर बघा. मुघल चारबागेचा मूळ नियम असा की पायवाट उंच आणि झाडांचे वाफे खाली. पाट सोडला की वाफे भरतात, पाणी मुरेपर्यंत तिथंच थांबतं, चालणाऱ्याचे पाय कोरडे. शिवाय चालताना फांद्यांवरची फळं हाताशी येतात. आता बहुतेक ठिकाणी आपण नेमकं उलटं करतो. वाफे मातीनं भरून पायवाटेच्या वर आणतो, त्यावर लॉन अंथरतो, आणि पाणी दिलं की ते वाटेवर येतं. वाफे पुन्हा खाली नेणं हे हवामानबदलाला तोंड देण्याचं आजच्या पुस्तकांतलं काम आहे आणि बांधणाऱ्यांच्या मूळ आराखड्याशी इमान राखण्याचंही. जुनी बाग वाचवणं आणि पाणी वाचवणं यांत भांडण आहे असं मला पूर्वी वाटायचं नाही आणि आता तर मुळीच वाटत नाही.

वर येते तेव्हा बारा वाजून गेलेत. डोळ्यांपुढं क्षणभर सगळं पांढरं होतं. मामा चिंचेखाली भाकरी सोडून बसलेत. ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, कांदा. मोरीवरच्या दोघीही आल्यात. मला अर्धी भाकरी मिळते. ती घेताना मी वर बघते. चिंचेची पालवी कोवळी, पोपटी. पाऊस यायच्या आधी, सगळं करपलेलं असताना तिला ही पालवी कुठून सुचते हे शिकवताना मी मुळांचे आकडे सांगते. इथं बसल्यावर नुसतं बघत राहावंसं वाटतं.

"मामा, इथं काय लावावं?"

ते लगेच उत्तर देत नाहीत. भाकरी संपवतात, हात धुतात, ते पाणीही एका रोपाच्या आळ्यात टाकतात. मग उठून मला फिरवतात. आधी जे लावू नये ते. तटाच्या सांध्यात उगवलेला पिंपळ, मनगटाएवढा झालेला. "ह्यो हितं नगं. पिंपळ देवाचा हाय, पण भिंतीत हाय म्हणून भिंतीचा काळ हाय." तोही आम्ही उपटत नाही. उपटला तर दगड घेऊन येतो. खात्याच्या माणसांनी छाटून, मुळाला औषध लावून तो मारायचा असतो. मग बाटलीच्या आकाराचा एक पाम, शेंडे जळालेला. ऊन त्याला सोसत नाही, सावली तो देत नाही, पाखरू त्यावर बसत नाही.

आणि मग जे आपोआप आलंय आणि टिकलंय ते. दगडांच्या ढिगात सीताफळ. बालाघाटातलं हे झाड कुणी पाणी घालून वाढवत नाही. बीडच्या बालाघाटच्या सीताफळाला तर २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पाण्याच्या बाजूला करंज. माळाच्या अंगाला हिवर आणि बोर. एका कोपऱ्यात बहावा, पान एक नाही आणि सगळं झाड पिवळं. मामा यादी करत जातात: कवठ, बेल, आपटा, शमी, भोकर, खिरणी. नदीकडच्या ओलीला अर्जुन. सावलीला लिंब आणि चिंच. "चिंच लावायची ती ह्याच झाडाच्या चिंचोक्याची," ते बोट वर करून सांगतात. "ह्यानं सगळे दुष्काळ बघितलेत. बाहीरनं रोप कशाला आणायचं?"

दुष्काळ बघितलेलं झाडच लावावं, हे लंडनच्या क्यू उद्यानातले शास्त्रज्ञही आता वेगळ्या वाटेनं म्हणतायत. २०२२ च्या दुष्काळात त्या उद्यानानं चारशेहून जास्त झाडं गमावली, आणि आज उभ्या असलेल्या अकरा हजार झाडांपैकी निम्म्याहून जास्त झाडांना २०९० पर्यंत तिथलं हवामान झेपणार नाही असा त्यांचा अंदाज आहे. म्हणून ते लंडनपेक्षा उष्ण, कोरड्या प्रदेशांतली झाडं शोधू लागलेत. इंग्लंडातच एसेक्समध्ये बेथ चॅटो या बाईंनी १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला गाड्या लावायच्या जागेवर खडीची बाग केली आणि तिला कधीच पाणी घालायचं नाही असं ठरवलं. ती बाग अजून बहरते. तिकडच्या लोकांना कोरडी बाग नव्यानं शिकावी लागतेय. आपल्याकडे ती येणारी माणसं भाकरी खाऊन हात धुतलेलं पाणीही आळ्यात टाकतायत. आपल्याला फक्त त्यांना आराखडा करणाऱ्यांच्या टेबलापर्यंत न्यायचंय.

मामा मला एक आळं उकरून दाखवतात. वरून वाळलेला पाला, चार बोटं जाड. तो बाजूला सारतात. खाली माती काळी, हाताला गार, मुठीत धरली की गोळा होतो. त्यात एक गोगलगाय, चार-पाच वाळव्या, पांढऱ्या बुरशीचे धागे. शेजारी झाडून लख्ख केलेली जागा, तिथली माती भेगाळलेली, खडखडीत. दोन्ही जागांना पाणी एकाच दिवशी घातलं होतं. मधलं अंतर हातभर.

"झाडू नका म्हणलं तर लोकं म्हणत्यात, माळी आळशी हाय," मामा म्हणतात. "पाला जाळला की म्हणत्यात, किल्ला सोच्छ दिसायला."

मी त्या दोन मातींचा फोटो घेते. वर्गात शंभर तक्ते दाखवून जे कळत नाही ते यात आहे.

परतीची गाडी मिळते ती अडीचला. उमरग्यात उतरून मी घरी जात नाही. गावातल्या एका जुन्या देवळाच्या आवारात आज बैठक आहे. आमच्या उमरग्याला चालुक्यांच्या काळातल्या शिल्पांचा वारसा आहे, लोकांना त्याचा अभिमान आहे, आणि त्या अभिमानापोटीच गेल्या काही वर्षांत ठिकठिकाणी आवारं सुशोभित झालीत. सुशोभित म्हणजे पेव्हर ब्लॉक. या आवारातही बुंध्याला घट्ट चिकटून ब्लॉक बसवलेत. बेलाच्या एका झाडाचा शेंडा वाळलाय. लिंबाच्या मुळांनी दोन ओळी उचलल्यात आणि त्यावर कुणीतरी सिमेंटचा थर ओढलाय. जूनमध्ये पहिला जोराचा पाऊस झाला की इथलं सगळं पाणी गाभाऱ्याच्या पायरीकडे धावतं, कारण जिरायला जागाच उरलेली नाही. गेल्या सप्टेंबरात आत पाणी शिरलं होतं.

सात-आठ माणसं पायऱ्यांवर बसलीयत. मधे आप्पा, देवळाचा कारभार बघणारे, पांढरीशुभ्र टोपी. मी मोबाइलवर दोन मातींचा फोटो फिरवते. तो हातोहात जातो.

"ताई, तुमचं पटतंय," आप्पा म्हणतात. "पर श्रावणात बाया येत्यात. चिखल झाला तर? घसरून पडलं कोण तर?"

प्रश्न खरा आहे आणि मी तो टाळत नाही. मी सांगते की सगळे ब्लॉक काढायचे नाहीत. चालायची वाट तशीच ठेवा. फक्त प्रत्येक झाडाभोवती आळं मोकळं करा. राष्ट्रीय हरित लवादानं २०१३ मध्ये दिल्लीतल्या झाडांसाठी बुंध्याभोवती एक मीटर जागा मोकळी सोडायला सांगितलं होतं, तेवढं तरी. आळ्याची पातळी वाटेपेक्षा चार बोटं खाली, म्हणजे वाटेवरचं पाणी आळ्यात जाईल, आळ्यातला चिखल वाटेवर येणार नाही. वर पाला. आणि देवळामागची जुनी दगडी मोरी साफ करून तिचं पाणी पडक्या बारवेत सोडायचं. बारव आहे, तिच्यात आत्ता निर्माल्य आणि नारळाच्या शेंड्या आहेत.

"एक मीटर म्हंजे किती फूट?"

"सव्वातीन."

"तीन ठेवा," आप्पा म्हणतात. "वाट अरुंद होती. लिंबाला चार द्या, त्यो मोठा हाय."

एक तरुण पोरगा मधेच विचारतो की निघालेल्या ब्लॉकचं काय करायचं. मिस्त्री म्हणतो, स्वयंपाकघराच्या मागं धुणी-भांडी होतात तिथं टाकू, तिथं खरंच चिखल होतो. कुणीतरी बारवेतल्या गाळाचा विषय काढतं. तो काढायला माणसं लागतील, आणि गाळ चांगला असेल तर शेतात न्यायला लोक स्वतःहून येतील. आप्पा मान हलवतात, पण पैशाचं नाव निघालं की गप्प होतात. गाळाचा विषय अमावास्येच्या बैठकीवर ढकलला जातो. मला ते आवडत नाही, कारण अमावास्येनंतर पावसाळ्याला फार दिवस उरत नाहीत, आणि मी तसं स्पष्ट बोलते.

"बरं, मोरी तर उद्याच बघू," आप्पा म्हणतात आणि मिस्त्रीकडे वळतात. "सकाळी आठला ये. छिन्नी आण. बेलापासनं सुरू कर, त्यो आधी मरायला."

मिस्त्री खिशातून खडू काढतो, बेलाच्या बुंध्याला टेपचं टोक लावायला मला सांगतो आणि तीन फुटांवर ब्लॉकांवर गोल मारायला लागतो. दोन मुलं लिंबाकडे धावतात, चार फूट मोजायला.